गेलेल्याचे नाव

‘पाठवा’ या शब्दावर अश्विनचे बोट थांबले होते. पडद्यावर जेमतेम चार ओळी होत्या, आणि त्या लिहायला त्याला एक वर्ष लागले होते. ‘माझी आई, कुसुमताई, मागच्या वर्षी याच तिथीला वारली. त्यानंतर तिच्या नावाने आलेली सगळी पत्रे मी लिहिली. तुम्हाला फसवले. क्षमा करा.’

मनीषनगरातल्या त्या दोन खोल्यांत भिवापुरी मिरचीचा ठसका भरून राहिला होता. पलीकडे हर्षा मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आईच्या हाताखाली शिकलेली बाई. तिखट भरणे, पाकिटांवरचे पत्ते छापणे, सगळे तिच्याकडे असे.

आई होती तोवर दर शनिवारी ती बोलायची आणि अश्विन लिहून घ्यायचा. मग ते पत्र ईमेलने सगळ्या गिऱ्हाइकांना जायचे. त्यात जाहिरात नसे. ‘या खेपेले मिरचीले पाणी लागलं, रंग उतरला, घाई करू नका,’ असेही ती बेधडक लिहायला लावी. म्हणूनच शेकडो माणसे, कोणी इथल्या धरमपेठेतली तर कोणी पार पुण्या-बंगळूरची, तिच्या शब्दावर डोळे मिटून तिखट मागवत. यादीत चारशे बारा पत्ते होते, त्यातला पहिला अश्विनचा स्वतःचा. पत्र नीट पोहोचते की नाही, हे पाहण्यासाठी त्याने तो घातला होता.

आई दवाखान्यात असताना त्या आकड्यातला एक कमी झाला. चारशे अकरा. आजवर यादी सोडून कोणी गेले नव्हते. कोण गेले ते पाहायला त्याने लॅपटॉप ओढला, तेव्हा सुया टोचलेल्या हाताने आईने त्याचे मनगट धरले.

“जाणाऱ्याचं नाव पाहू नये गा. मनात खोट बसते. मंग उरलेल्याइशी सरळ बोलता येत नाही.”

त्याने पाहिले नाही. आठ दिवसांनी आई गेली.

तेरवी झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी तो सवयीने लॅपटॉपपुढे बसला. आई गेली, एवढेच लिहायचे होते. बोटांनी लिहिले, ‘मी बरी हाये. मिरची वाळून राहिली.’ तेवढ्या एका ओळीपुरती ती परत आल्यासारखे झाले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झाले, आणि मग वर्षभर ती दर शनिवारी बरी राहिली. आपल्या पत्त्यावर प्रत आली का, हे पाहण्याचे धाडस मात्र त्याने एकदाही केले नाही.

उत्तरे धंद्याच्या वेगळ्या ईमेलवर येत राहिली. धरमपेठेतल्या वंदनाताई प्रत्येक पत्राला लिहीत. ‘कुसुमताई, तिखट झकास. अश्विन वेळेवर जेवतो ना?’ या वर्षात आणखीही कितीतरी जण त्याची चौकशी करू लागले होते. लोक असे साधे, असे विश्वासू, याचीच त्याला अधिक लाज वाटे.

आज वर्षश्राद्ध होते. सकाळी याच हातांनी त्याने आईला पिंड दिला होता. त्याच हातांनी ‘मी बरी हाये’ लिहिणे त्याला शक्य नव्हते.

“हर्षाताई, आज सगळे सोडून जातील.”

“पाठवून त पाहा, भाऊ,” हर्षा म्हणाली. तिने मान वर केली नाही. देठ खुडणारा हात तेवढा थांबला.

त्याने पाठवले आणि आकड्यावर नजर रोखली. धंदा बुडेल, हे भय होतेच. त्याहून मोठे भय वेगळे होते. चारशे घरांत आई अजून जिवंत होती, आणि आता ती एकाच वेळी सगळीकडे मरणार होती.

चारशे अकरा. पाच मिनिटे गेली. चारशे अकरा.

मग उत्तरे येऊ लागली. पहिले वंदनाताईंचे होते. ‘अश्विन, बाळा, तुझ्या पत्राची आम्ही वर्षभर वाट पाहून राहिलो होतो.’ दुसरे बंगळूरचे. ‘आज तुमचे नाव वाचले. बरे वाटले.’ तिसरे, चौथे, अकरावे. ती कशाने गेली, असे एकानेही विचारले नव्हते. अश्विनने वंदनाताईंना फोन लावला.

“ताई, तुम्हाला... कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? तुह्या मायनंच, बाप्पा!”

तो वळला. हर्षा दारात उभी होती, लाल हात पदराला पुसत.

“रागवू नका, भाऊ. तुम्ही दवाखान्यातून जेवाले घरी आले होते. काकूनं पत्र सांगितलं, मी लिहून सगळ्याइले पाठवलं. मंग पाठवलेल्या पत्राची खूण बी पुसाले लावली मले.”

वंदनाताईंनी तेवढ्यात पाठवलेले आईचे ते जुने पत्र पडद्यावर उघडले.

‘बाई-भाऊ हो, डॉक्टर लोक गोड बोलून राहिले, म्हणजे मी समजायचं ते समजली. माहा पोरगा लाजाळू हाये. माय गेली, हे त्याच्यानं सांगणं होणार नाही. तो माह्याच नावानं लिहीत बसन. लिहू द्या. खोटं म्हणू नका. ज्या दिवशी तो सोताच्या नावानं लिहीन, त्या दिवशी त्याले जवाब द्या. मिरची चांगली नसली, त मात्र बिलकूल घेऊ नका.’

वर्षभरात पहिल्यांदाच अश्विनने यादी सोडून गेलेल्यांचे पान उघडले.

तिथे एकच पत्ता होता. त्याचा स्वतःचा.