आग्रहाची पोळी

वजनकाट्यावर चढण्याआधी तामातीनं पायातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या, मग टी-शर्ट, मग आतला दुसरा टी-शर्ट, आणि शेवटी जोरात नाक शिंकरलं. जेवढं कमी होईल तेवढं बरं.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका रग्बी क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी पोरांची वजनं चालली होती. नऊ वर्षांच्यांत जो ठरलेल्या वजनापुढे जाईल त्यानं अकरा वर्षांच्यांत खेळायचं, हलक्या पोरांची हाडं शाबूत राहावीत म्हणून. काट्याशी बसला होता गुरुनाथ, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. रग्बीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण हा माणूस आकड्यात लबाडी करणार नाही, एवढं कोचनं ओळखलं होतं.

त्याचा मुलगा चिराग आधीच तोलून झाला होता. चिराग असा, की वारा सुटला की आजी त्याच्या खिशांत संत्री भरून शाळेत पाठवायच्या. काट्यानंसुद्धा त्याची दखल घ्यावी की नाही, याचा क्षणभर विचार केला.

"प्लीज बी अंडर," चिराग पुटपुटला. शेजारी तामाती नसेल तर त्याला त्या मैदानात पाऊलही टाकायचं नव्हतं.

गुरुनाथनं आकडा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग पद्धतीप्रमाणे मोठ्यानं पुकारला. "ओव्हर. अकराच्या गटात."

तामातीनं दोन्ही टी-शर्ट छातीशी गच्च धरले.

"अरे, लिलाव चाललाय का इथे?" मागच्या बाकावरून गुरुनाथच्या आई, प्रमोदिनीबाई कडाडल्या. साडीवर मुलाचं जाकीट, मांडीवर डबा. "लेकराचं वजन असं गावभर ओरडतात? दृष्ट लागते!"

"आई, नियम आहे."

"चुलीत घाल तुझा नियम."

त्यांच्या शेजारी तामातीची आजी बसली होती. सगळा क्लब तिला नॅनी हेनी म्हणायचा. ती ओरडली नाही. तिनं नुसतं गुरुनाथला विचारलं, "तू इंजिनियर ना? मग सांग, हा वाढतो कशावर? शाळेतल्या नर्सनं वजनाच्या तक्त्यावर ह्याचा ठिपका वरच्या रेघेच्याही वर काढला. मी म्हटलं, ही रेघ कुणाची पोरं मोजून आखली, त्यात माओरी होतं का एक तरी? तिला माहीत नव्हतं. तरी मी ऐकलं. कोक बंद. शुक्रवारचे फिश अँड चिप्स बंद. मी जन्मभर तळत आलेला ब्रेडसुद्धा बंद. अख्खं घर गवत खातंय. आणि हा? हवेवर वाढतो?"

गुरुनाथनं चिरागकडे पाहिलं. त्याच तक्त्यावर चिरागचा ठिपका खालच्या रेघेच्याही खाली होता.

आपल्याला इंग्रजी येत नाही, असं प्रमोदिनीबाई सोयीनं सांगत. हे मात्र त्यांना शब्दन् शब्द कळलं. त्यांनी डब्यावर पदर ओढला.

शाळा सुटली की दोन्ही पोरं त्यांच्याकडेच असायची. चिराग जेवत नाही म्हणून त्यांनी युक्ती काढली होती: तामातीला समोर बसवायचं, त्याचं बघून आपलाही खाईल. तूप-साखर लावलेल्या पोळीच्या सुरळ्या. चिरागची सुरळी टेबलाखालून पलीकडे जायची आणि आजी खूश व्हायच्या, की दोघं जेवले. तामातीची ताटली रिकामी दिसली की म्हणायच्या, "अजून एक, आजीसाठी." मग, "अजून एक, आजोबांसाठी." आजोबा केव्हाच वारले होते, पण त्यांच्या वाटची पोळी तामाती नेमानं खात होता.

"अरे बाळा," आजी आता काकुळतीनं म्हणाल्या, "पोट भरल्यावर पुरे म्हणायचं की नाही?"

चिरागनं ते इंग्रजीत सांगितलं. तामातीनं नॅनीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नॅनीनंच सांगितलंय. कुणाच्या घरी आजीनं हातानं दिलं तर नको म्हणायचं नाही. तिचा मान जातो."

नॅनी हसू लागली. हसू अर्ध्यावरच थांबलं. दोघी आज्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीनं जन्मात कधी कुणाचं 'नको' ऐकून घेतलं नव्हतं, आणि दुसरीनं ते नातवाला म्हणायला शिकवलंच नव्हतं.

बाहेर शिट्टी झाली. अकरा वर्षांच्या पोरांची रांग लागली. तिच्या टोकाला तामाती उभा राहिला तेव्हा तो सगळ्यांच्या खांद्याला लागत होता, आणि पुढच्या पडलेल्या दुधाच्या दाताच्या जागी नवा अजून आला नव्हता.

मग तो रांग सोडून परत पळत आला. खेळाआधी आजींपुढे हात पसरायचा, हे ठरलेलंच होतं. त्यानं पसरला.

प्रमोदिनीबाईंचा हात डब्याच्या झाकणावर गेला आणि तिथेच राहिला. द्यावं तर हे असं. न द्यावं तर पोराला वाटणार, आपलंच काही चुकलं.

नॅनीनं शांतपणे डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. "आज आजीनं मला दिलाय," ती नातवाला म्हणाली. "पळ."

तो पळाला. त्याच्या जँडल्स हातात घेऊन चिराग मैदानाच्या रेघेबाहेरून त्याच्या बरोबरीनं धावू लागला.

नॅनीनं एक सुरळी तोंडात घातली आणि डोळे मिटले. तूप मनगटावरून ओघळलं.

"ओह," ती म्हणाली. "आता कळलं."

डबा गच्च भरलेला होता. दोघी घरून पोटभर खाऊन आल्या होत्या. पण पोरं परत यायच्या आत तो संपायलाच हवा होता. प्रमोदिनीबाईंनी एक सुरळी स्वतः घेतली, कशीबशी गिळली, आणि दुसरी नॅनीच्या हातावर ठेवली.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "तामातीसाठी."