करंगळी

पडलेल्या सैनिकाची करंगळी तेवढी पुसट होती. पोस्टकार्डातलं बाकी सगळं रेखीव: गवताची पाती, बुटांच्या नाड्या, मागचं वठलेलं झाड. शटर उघडं असताना जे हलतं, तेच असं उमटतं. मेलेला माणूस हलत नाही.

संग्रहालयात जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या तिला सगळे भिंगबाई म्हणत. आत्ता तिला भिंगाची गरज नव्हती. पण समोर बसलेल्या आजींकडे बघण्यापेक्षा भिंगातून बघणं सोपं होतं.

"झाड नीट दिसेल अशी प्रत दे गं," आजी म्हणाल्या. "खोदणाऱ्यांना दाखवायचीय. परवानगी मिळाली एकदाची. उद्या निघतोय."

"या वयात, आजी?"

"वय झालं म्हणूनच घाई. दादा किती वर्षं माळावर पडलाय!"

दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात आजी या फोटोपुढे "दादा!" म्हणत मटकन खाली बसल्या होत्या. तेव्हा खाली पाटी होती, 'जुन्या रणभूमीवर सराव'. लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी नव्या भरतीला तिथे नेत. लुटूपुटूच्या लढाईत कुणी लढायचं नि कुणी मरायचं हे सुभेदार ठरवत, आणि फोटोवाला कार्डं छापून त्याच पोरांना विकत असे.

"सख्खी बहीण चुकेल का?" संग्रहालयाचे साहेब म्हणाले, आणि पाटी बदलली, 'रणभूमी, अखेरचा दिवस'. वर्तमानपत्रात आलं. गर्दी वाढली.

भिंगबाईने तोंडातून ब्र काढला नाही. आधी, रडणाऱ्या बाईला काय सांगायचं म्हणून. मग, इतके दिवस गप्प का होतीस, असं कुणी विचारेल म्हणून. आजी महिन्यातून एकदा येत, काचेवर हात ठेवून उभ्या राहत. त्या दिवशी ती मागच्या जिन्याने घरी जाई.

करंगळीला मुंगी डसली होती. तिला तेही ठाऊक होतं.

आजींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हाक मारली तर उठून बसेल असा दिसतो, नाही?"

भिंगबाईने भिंग टेबलावर ठेवलं.

"आजी, हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "घरी आहेत."