लेकीचा बिगुल

वीस वर्षं सत्तेवर असलेले पंतप्रधान गेले आणि माईच्या घरात नवराबायकोचं पुन्हा वाजलं. "देवमाणूस गेला," माई हुंदका देत म्हणाली. "छळवाद संपला!" अण्णा गरजले. "त्याची अंत्ययात्रा माझ्या टीव्हीवर लागणार नाही." पण लष्करी मानवंदनेत बिगुल वाजवणार होती माई-अण्णांचीच लेक, आणि तिचा शेवटचा उंच सूर आठवडाभर सरावात चिरकत होता. अंत्ययात्रेच्या सकाळी माई बाहेर येते तो अण्णा टीव्ही लावून आधीच बसलेले. तोफा झाल्या. लेकीने बिगुल ओठांना लावला, तसं माईने अण्णांचं मनगट आवळलं. सूर चढला, जरासा थरथरला आणि लख्ख वर जाऊन तरंगला. "वन्स मोअर!" अण्णा खुर्चीतून उठून ओरडले. "अहो, त्यासाठी साहेबांना परत जिवंत व्हावं लागेल!" अण्णांनी डोळे पुसले. "होऊ देत. पोरीसाठी आणखी पाच वर्षं सोसेन त्यांना."