गाडी हवेत असताना

'वॉर्डल पथक' या जुन्या पोलिसी मालिकेचा नववा भाग चॅनेलने केव्हाच पुसून टाकला. उरली ती एकच कॅसेट, आमच्या मर्विनने घरच्या टीव्हीवरून भरून घेतलेली. म्हणून आम्ही चाहते दर ऑगस्टमध्ये त्याच्या डार्बी शहरातल्या घरी जमतो, चहा-केक हाणतो आणि त्या एका भागावर कडाकडा भांडतो.

भांडण एकाच जागेचं. वॉर्डलची गाडी गोदीच्या टोकावरून हवेत झेपावते आणि एकदम पडद्यावर एक बाई शांतपणे केकला जाम फासताना दिसते! मग थेट खलनायक बेड्यांत.

"जाम म्हणजे रक्त! न दाखवता दाखवलंय," मर्विन म्हणाला.

"डोंबलाचं रक्त! ती बाईच टोळीची म्होरकी आहे," कीथ उसळला.

मी म्हटलं, "दोघंही गाढव आहात. ती वॉर्डलची आई. मरण समोर दिसलं की माणसाला आईच आठवते." बोलता बोलता माझेच डोळे भरून आले.

मर्विनची बायको ग्लेनिस केक वाढत होती. तिने माझ्या बशीत जरा मोठा तुकडा ठेवला.


"रडू नकोस रे. मला टीव्हीवरची कृती भरून घ्यायची होती आणि घरात दुसरी कॅसेट नव्हती. दरवर्षी चाटूनपुसून खाता ना, तो हाच केक."