जिला हे वाचता येणार नाही

“चोर काका,” इंदुमती म्हणाली.

थप्, थप्, थप्. मीनाक्षीचा हात भाकरीवर चालतच राहिला.

“ऐकलंस का? वही काकानं चोरली. संपली कादंबरी.”

“ऐकलं गं. ते पीठ सरकव जरा.”

शेवट पहिला, बाद.

इंदुमतीच्या सगळ्या कादंबऱ्या याच स्वयंपाकघरात झाल्या होत्या. मीनाक्षी नवनगरात कडक भाकऱ्या करून विकायची. इंदुमती जुन्या हुबळीहून बसनं यायची, पाटावर बसायची आणि नवं प्रकरण तोंडी सांगायची. मीनाक्षीचा हात थांबला, की प्रकरण जमलं. घरी जाऊन लिहायचं. हात चालत राहिला, की सोडून द्यायचं. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या. मीनाक्षी मराठी फडाफडा बोलायची, पण तिची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षर तिला लागायचं नाही. म्हणून सांगायचं. पस्तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ही कादंबरी दोन मैत्रिणींची. एक लिहिते. तिची वही पुण्याला पाठवायच्या दिवशीच नाहीशी होते. मग दोघी मिळून गाव पालथं घालतात. तीनशे पानं गाव पालथं घालून झालं होतं आणि चोर सापडत नव्हता. सोमवारी प्रकाशकाला शेवट हवा होता, नाहीतर पुस्तक यंदा निघणार नव्हतं. आज शनिवार.

आणि खरं सांगायचं तर इंदुमतीची पहिली वहीही अशीच गेली होती. कधी सापडली नाही. ती कादंबरी तिनं आठवून आठवून पुन्हा लिहिली होती. चोर कोण, हे तिला नुसतं कादंबरीसाठी नको होतं.

शेवट दुसरा. छापखान्याचा मालक. वही पळवतो, स्वतःच्या नावावर छापतो.

थप्, थप्.

“त्याला लग्नपत्रिका छापायलाच दिवस पुरत नाही,” मीनाक्षी म्हणाली. “तो कुठला तुझी वही वाचतोय! तुझे चोर लई रिकामटेकडे गं, इंदू.”

बाद.

शेवट तिसरा तिला चुलीतला जाळ बघून सुचला. ती पाटावरून उठलीच.

“आत्या! मीने, आत्या! तिला पोरीचं लिहिणं पसंत नाही. ती वही न्हाणीच्या चुलीत घालते. दोघी मैत्रिणी धावत येतात. दारात उभ्या राहतात. एकेक पान काळं पडतंय, आणि दोघी...”

हात थांबला.

थांबला! सहा महिन्यांत पहिल्यांदा! इंदुमतीनं पिशवीतून पेन ओढून काढलं.

“अय्य यव्वा, जाळतेस?” मीनाक्षी कळवळून म्हणाली. “पहिल्या पानावर जिचं नाव, तिच्या डोळ्यांदेखत?”

“तेच तर! तिच्या डोळ्यांदेखत! म्हणून तर...”

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

“मीने. कादंबरीत पहिल्या पानावर नाव नाही.”

मीनाक्षीनं तव्यावरची भाकरी उलटली. उलटायची वेळ झाली नव्हती.

नाव होतं ते हरवलेल्या खऱ्या वहीत, छापील पुस्तकात नाही. ते इंदुमतीनं कुणाला दाखवलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. एकच ओळ होती. ‘मीनाक्षीस, जिला हे वाचता येणार नाही.’

राग यायला हवा होता. तो आला नाही. तिच्या डोळ्यांसमोर तीनशे पानं उलटी पळायला लागली. काका नाही. छापखाना नाही. आत्या नाही. वही शोधायला सगळ्यात पुढं कोण होती? गावातलं कुठलं एकच घर शोधायचं राहिलं?

“तू!” ती ओरडली. अंगावर काटा, तोंडभर हसू. “तू, गं! शेवट चौथा! पण तुला तर वाचता येत नाही!”

“येत नव्हतं.”

मीनाक्षीनं हात पदराला पुसले. आत गेली. वही घेऊन आली. कडा मऊ पडलेल्या, पानांवर पिठाची बोटं. पहिल्या ओळीत प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक कन्नड अक्षर लिहिलेलं. दहाव्या पानावर ती विरळ झालेली. विसाव्यापासून पुढं एकही नाही.

“सगळं जग वाचणार, आणि मी तेवढी नाही,” मीनाक्षी म्हणाली. “दोन दिवसांसाठी नेली होती. तुझ्या बाबांच्या दुकानातल्या मराठी कॅलेंडरावरून अक्षरं लावत बसले, त्यात वर्ष गेलं. तोवर तू पुन्हा लिहून मोकळी. मग कुठल्या तोंडानं परत देऊ?”

“आणि माझी बाकीची पुस्तकं?”

“वाचली की. सगळी. दोनदोनदा.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बाई?”

मीनाक्षीनं चुलीत एक ढलपी सरकवली. इंदुमतीकडं बघितलं नाही.

“वाचता येतं म्हटलं असतं, तर तू पुस्तक हातात दिलं असतंस. मग इथं येऊन बसली असतीस?”

तव्यावरची भाकरी करपत होती. दोघींपैकी कुणीच ती काढली नाही.

मग मीनाक्षीनं पिठाचा हात पुढं केला. “लपवायचं काही उरलं नाही आता. चौथा शेवट लिहूनच दे. वाचते.”

इंदुमतीनं पेन पिशवीत टाकलं. वही मिटून मीनाक्षीच्या मांडीवर ठेवली आणि पाट ओढून चुलीजवळ बसली.

“तुला कुठं वाचता येतं?” ती म्हणाली. “भाकरी थाप. सांगते.”