मौनाचं जेवण

“जेवताना मौन धर. एक शब्द जरी बोललीस, तरी पानावरून उठायचं.” चातुर्मासाचा नेम देताना माझ्या सासूबाईंनी बजावलं होतं.

आज माझं पान वाढून झालं आणि मुलानं वाटी ढकलली. “ही आमटी की मिठागर?”

“मीठ दोनदा पडलं. नको खाऊस.” सुनेनं भरलं पातेलं उचललं. “मोरीत ओतते आणि जाते माहेरी.”

पातेलं कललं. तोंड उघडलं, तर मलाही भरल्या पानावरून उठावं लागणार होतं. मी वाटीतली आमटी पिऊन टाकली आणि रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

“अहो आई, खारट आहे.”

मी वाटी मागे घेतली नाही.

“नाही ओतत,” ती हळूच म्हणाली. “निस्तरते मी.” नवऱ्याकडे न बघता तिनं पातेलं खाली ठेवलं आणि आमटीत मिसळायला आणखी डाळ धुवायला घेतली.