पाठ केलेली कावीळ

"कावीळ," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी यांना कावीळ झाली होती. म्हणून तीन महिने रजा."

समोरच्या खुर्चीत अधिकारी बसला होता. गुप्त संदेशांच्या खात्यात माणूस घ्यायचा तर आधी त्याच्या घरी चौकशी होते, आणि ती करायला हा आला होता. वयस्कर, शांत, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. त्याने पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

"दारू?"

"थेंबसुद्धा नाही. कधीच नाही."

हे उत्तर तिने आठवडाभर घोकलं होतं. घराची झडती घेऊन खोकल्याचं औषधसुद्धा मोरीत ओतलं होतं, का तर त्याला वास येतो. नवऱ्याला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याला खोटं बोलणं जमत नाही, लगेच तोंडावर दिसतं. मग त्याच्या वाटचंही आपणच बोललेलं बरं, असा तिचा हिशेब.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. दोन वर्षं त्याने दारूला हात लावला नव्हता. पण कामावरच्या, गोदामातल्या जुन्या टोळक्यात रोज कुणीतरी म्हणायचंच, 'एकानं काय होतंय?' नवी जागा मिळाली तर तो तिथून सुटणार होता. नाही मिळाली, तर आज ना उद्या तो 'एक' घेणार. या एकाच गोष्टीची तिला मनापासून भीती वाटत होती.

"आईंना विचारू?" अधिकाऱ्याने विचारलं.

सासूबाई तयारच होत्या. "अहो, डोळे पिवळेजर्द. नखंसुद्धा पिवळी. नुसत्या फळांच्या रसावर दिवस काढले पोरानं."

सुनेने हळूच डोळे वटारले. नखांचं काही ठरलं नव्हतं. पण म्हातारी एकदा रंगात आली की आवरायची नाही.

मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनाही बोलावणं गेलं. खरं बोला, खरं बोला म्हणत मास्तरांनी जन्मभर पोरांना छड्या मारलेल्या. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कावीळच. मी डोळ्यांनी पाहिलंय."

अधिकाऱ्याने समोरचा पेला उचलला. पाणी प्यायला. मग तिच्याकडे वळला.

"ताई, मला विचारता येतं, सुचवता येत नाही. म्हणून पुन्हा एकदा विचारतो. त्या तीन महिन्यांबद्दल आणखी काही सांगायचंय?"

बघा कसा गोड बोलून काढून घेतोय, तिच्या मनात आलं.

"शंभरदा विचारलंत तरी हेच सांगेन."

"बरं." त्याने पेनला टोपण लावलं. सासूबाईंना 'तब्येत सांभाळा' म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दार लागताच सासूबाई हसल्या. "जिंकलीस गं."

मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला. "पुन्हा माझ्यावर असली वेळ आणू नका," ते म्हणाले, पण तेही हसत होते.

संध्याकाळी नवरा शीळ घालत घरी आला. कितीतरी दिवसांनी तिने ती शीळ ऐकली.

"येऊन गेले का ते?"

"गेले. तुम्ही आता काळजीच सोडा."

"मी तर कधीच सोडलीय." तो मोजे काढायला बसला. "तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नव्हतो. गेल्या आठवड्यातच त्यांना सगळं सांगून मोकळा झालो. पिणं, व्यसनमुक्तीचं इस्पितळ, मास्तरांनी मला खांद्यावर टाकून जिना चढवणं, सगळं. ते म्हणाले, सुटलेली दारू आड येत नाही, लपवलेली येते. घरच्यांनी दुजोरा दिला की काम झालं."

त्याने मोज्यांची गुंडाळी बुटात कोंबली.

"मी म्हटलं, खुशाल जाऊन विचारा. आमच्या घरात खोटं बोलायची कुणाला सवयच नाही."